हिब्रू भाषा : व्यंजनांचा देह आणि स्वरांचा प्राण



देवनागरींत ‘क’ हें अक्षर काढलें कीं त्याच्या पोटांत ‘अ’ हा स्वर आलाच. दुसरा स्वर हवा असेल तर काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार द्यावा. स्वर मुळींच नको असेल तर अक्षराचा पाय मोडावा. बाळबोध शिकलेलें मूल, अर्थ कळो वा न कळो, समोरचा शब्द बहुधा बिनचूक वाचतें. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, एका प्राचीन भाषेचें सारें धर्मवाङ्मय शतकानुशतकें स्वरचिन्हांवांचून लिहिलें गेलें, हें ऐकून प्रथम नवल वाटतें. ती भाषा म्हणजे यहुदी लोकांची हिब्रू. तिचे स्वर लेखांत नसतांना टिकले कसे, आणि त्या कामीं तिची घडण कितपत उपकारक झाली, याचा विचार आज करावयाचा आहे.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तिच्या वर्णमालेंत अक्षरें २२ : आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ अशी तिची सुरुवात आहे. हीं सर्व व्यंजनें होत. पहिलें आलेफ आपल्याला ‘अ’ सारखें भासतें. पण वस्तुतः तोही स्वर नव्हे, कंठांत क्षणभर श्वास अडवून केलेला तो एक उच्चार आहे. आलेफ, हे, हेथ व आयिन असे चार कंठ्य वर्ण या भाषेंत आहेत. त्यांपैकीं हेथ आणि आयिन यांना मराठींत जोड नाहीं. अरबी पठण ज्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें असेल त्यांनाच त्यांची कल्पना येईल. शिवाय ब, ग, द, क, प, त या सहा वर्णांना जुन्या वाचनांत दोन दोन उच्चार असत. शब्दाच्या आरंभीं ते आघातानें उच्चारावयाचे, आणि स्वरामागून आले म्हणजे सैल सोडावयाचे. मग ‘ब’ चा ‘व’ होतो, आणि ‘क’ चा ‘खुदा’ या फारसी शब्दांतील खरखरीत ‘ख’ होतो. राजा या अर्थीं ‘मेलेख’, आणि राणी या अर्थीं ‘मल्का’ : एकांत ‘ख’ ऐकूं येतो, दुसऱ्यांत ‘क’, परंतु लिहितांना अक्षर एकच.

आतां शब्दांची घडण पाहूं. हिब्रूंतील बहुतेक धातु तीन व्यंजनांचे असतात. ल-म-द हा धातु घ्या. त्याचा विषय शिक्षण. ‘लामद’ म्हणजे तो शिकला. ‘लिम्मेद’ म्हणजे त्यानें शिकविलें. ‘तल्मीद’ म्हणजे विद्यार्थी. ‘तल्मूद’ म्हणजे अध्ययन, आणि त्याच नांवाचा यहुद्यांचा प्रसिद्ध ग्रंथ. मराठींत आपण ‘शिक’ या धातूला शेवटीं प्रत्यय लावितों. हिब्रूंतही पुढेंमागें प्रत्यय लागतात, पण मुख्य फेरफार शब्दाच्या पोटांत होतो. विद्, वेद, वैद्य अशी संस्कृतांतील स्वरांची चढती श्रेणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत अगदींच परकी वाटूं नये. भेद इतकाच कीं, संस्कृत धातूचा स्वतःचा असा एक स्वर असतो; हिब्रूंत मूळ अर्थ व्यंजनांकडे आणि व्याकरणाचें बरेंचसें काम स्वरांकडे, अशी वांटणी आहे. धातूंचीं रूपें ज्या सात सांच्यांत बसवितात, त्यांना हिब्रू वैयाकरण ‘बिन्यान’, म्हणजे इमारत, असें म्हणतात.

अरबी ही हिब्रूची सख्खी बहीण. तिची घडणही अशीच असून तिचे शब्द फारसीच्या वाटेनें आपल्या घरांत केव्हांच येऊन बसले आहेत. आपला ‘सलाम’ तोच हिब्रू ‘शालोम’. आपण ‘मालक’ आणि ‘मुलूख’ म्हणतों, त्यांच्या मुळाशीं ‘मेलेख’ मधलींच तीन व्यंजनें आहेत. ‘किताब’ या शब्दांतील क-त-ब हा धातु हिब्रूंत ‘लिहिणें’ या अर्थीं येतो. त्यापासून पत्र या अर्थीं ‘मिख्ताव’ आणि विवाहाचा करारनामा या अर्थीं ‘केथुब्बा’ हे शब्द झाले.

अर्थाचा सांगाडा व्यंजनांनीं तोलून धरला असल्यामुळें, केवळ व्यंजनें लिहून हिब्रूचें काम पुष्कळ अंशीं भागत असे. भाषा जाणणारा वाचक पुढचामागचा संदर्भ पाहून स्वर आपल्या पदरचे घालीत असे. मोडी वाचणारे ऱ्हस्वदीर्घ असेच संदर्भानें ठरवितात. पुढें ‘वाव’, ‘योद’ आणि ‘हे’ या व्यंजनांकडून दीर्घ स्वर सुचविण्याचेंही काम घेऊं लागले. तरीही अडचण उरलीच. ‘लामद’ आणि ‘लिम्मेद’ हीं दोन्ही रूपें लिहितांना ल, म, द हीं तीनच अक्षरें. तो शिकला, कीं त्यानें शिकविलें, हें लेख सांगत नाहीं. वाचणाऱ्यानें तें जाणावयाचें.

ही अडचण केवळ काल्पनिक नव्हे. बायबलच्या पहिल्या ग्रंथांत वृद्ध याकोब मिसर देशांत अखेरच्या दिवसांत योसेफाकडून शपथ घेववितो आणि मग मस्तक नमवितो, असा प्रसंग आहे. कोठें नमवितो? मूळांत म-ट-ह अशीं तीन व्यंजनें आहेत. ‘मिट्टा’ वाचलें तर बिछाना, ‘मट्टे’ वाचलें तर काठी. यहुद्यांच्या परंपरागत वाचनांत तो बिछान्याच्या उशाकडे नमतो. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाकडील भाषांतरकारांनीं ग्रीक भाषांतर केलें, त्यांत तो काठीच्या टोंकावर नमतो. आणि ख्रिस्ती नव्या करारांतही काठीच आली. अक्षर एकही बदललें नाहीं. बदलला तो न लिहिलेला स्वर.

जोंवर हिब्रू घरोघर बोलली जात होती, तोंवर असे प्रसंग थोडे. परंतु इ. स. पूर्वीं ५८६ मध्यें बाबिलोनच्या लोकांनीं यरुशलेम उध्वस्त केलें, आणि त्यानंतरच्या काळांत अरामी भाषेचा पगडा वाढत गेला. हिब्रूचें आजचें चौकोनी वळणाचें अक्षरही अरामीकडूनच आलें. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास हिब्रू लोकव्यवहारांतून मावळली. प्रार्थना, पठण आणि पंडितांचें लेखन एवढेंच तिचें क्षेत्र राहिलें. ज्या भाषेचे स्वर केवळ जिभेवर राहतात, ती आईच्या तोंडून ऐकूं येईनाशी झाली, तर पुढची पिढी ते स्वर कोठून आणणार?

या प्रश्नाचें उत्तर ‘मसोरेती’ पंडितांनीं दिलें. मसोरा म्हणजे परंपरा. सहाव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत त्यांचें कार्य चाललें. बाबिलोनकडे वेगळी पद्धति होती, पण सर्वमान्य झाली ती गालील सरोवराच्या कांठच्या टायबेरियस नगराची. पवित्र ग्रंथांतील अक्षराला तर हात लावावयाचा नाहीं. म्हणून त्यांनीं अक्षरांच्या भोंवतीं खुणा घातल्या. अक्षराखालीं एक टिंब म्हणजे ‘इ’, शेजारीं शेजारीं दोन टिंबें म्हणजे ‘ए’, लहानशी आडवी रेघ म्हणजे ‘अ’. द्वित्वाची आणि आघाताची खूण अक्षराच्या पोटांत टिंब देऊन केली. पठणाचे सूर दाखविणाऱ्या खुणा निराळ्या. लिहिलेला शब्द एक आणि परंपरेचें वाचन दुसरें असें आढळलें, तेथें मूळ शब्द तसाच ठेवून योग्य वाचन समासांत नोंदविलें. ग्रंथाच्या शेवटीं वचनांची गणतीही केली, कीं पुढच्या लेखकानें एकही गाळूं नये. आपल्या वैदिकांनीं पदपाठ आणि क्रमपाठ यांच्या योगें जें मुखानें साधलें, तेंच या पंडितांनीं लेखणीनें साधलें.

त्यांच्यांतील अग्रणी अहरोन बेन आशेर यानें सुमारें इ. स. ९३० मध्यें स्वरचिन्हें दिलेली पोथी पुढें सिरियांतील अलेप्पो येथें जपून ठेविली होती. १९४७ सालच्या दंग्यांत तेथील प्रार्थनामंदिर जाळलें गेलें. १९५८ मध्यें पोथी यरुशलेमला पोंचली तेव्हां मूळच्या सुमारें ४८७ पानांपैकीं तीनशेंहून कमीच उरलीं होतीं. संपूर्ण बायबलची सर्वांत जुनी उपलब्ध हिब्रू पोथी म्हणून आज इ. स. १००८ च्या सुमाराची सेंट पीटर्सबर्ग येथील प्रत मानतात.

ज्या १९४७ सालीं अलेप्पोची पोथी छिन्न झाली, त्याच सुमारास मृत समुद्राकांठच्या कुमरान येथील गुहांतून प्राचीन गुंडाळ्या हातीं येऊं लागल्या. त्यांतील यशयाच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी मसोरेती पोथ्यांहून सुमारें एक हजार वर्षांनीं जुनी आहे. लेखनांत फरक पुष्कळ असूनही, एकंदर ग्रंथ तोच असल्याचें दिसून आलें. मात्र स्वरचिन्ह तीवर एकही नाहीं. व्यंजनांची साक्ष गुहेंतून मिळाली. स्वरांची सबंध साक्ष पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनींच दिली.

ही सांखळी तुटली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्या कोंकणांतच आहे. आपले पूर्वज नवगांवाजवळ जहाज फुटून किनाऱ्यास लागले आणि त्यांचे ग्रंथ समुद्रांत गेले, अशी बेने इस्रायल समाजाची आख्यायिका आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. बोली मराठी झाली, आचार राहिला. परंतु हिब्रू भाषेपैकीं ‘शेमा’ ही एकेश्वराची प्रार्थना तेवढी मुखीं उरली, असें परंपरा सांगते. हरवलेली भाषा त्यांना पुन्हा अक्षरापासून शिकावी लागली. मिशनरी जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें त्यांच्यासाठीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण छापिलें. पुढें त्याच समाजांतील जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) या मुंबईच्या मुख्याध्यापकांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठींत आणिले.

याच सुमारास तिकडे यरुशलेममध्यें हिब्रू पुन्हा घरांत आली. १८८१ मध्यें तेथें गेलेल्या एलिएझर बेन-येहुदा यांनीं १८८२ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडूं न देण्याचा हट्ट धरिला. १९२२ मध्यें इंग्रजी व अरबीबरोबर ती पॅलेस्टाइनची राजभाषा झाली, आणि १९४८ पासून ती इस्रायलची भाषा आहे. जुने धातु तेथें अद्याप राबत आहेत. आपण ‘गण्’ धातूपासून ‘संगणक’ शब्द केला. त्यांनीं विचार करणें, हिशेब करणें या अर्थाच्या धातूपासून ‘महशेव’ केला. मुलांच्या पुस्तकांत स्वरचिन्हें देतात. वर्तमानपत्रें मात्र आजही त्यांवांचून छापतात, कारण वाचकाच्या जिभेवर स्वर पुन्हा वसले आहेत. दोन अक्षरांमध्यें जें लिहिलेलें नसतें, तें कोणीतरी कोणाला तरी वाचून दाखवावें लागतें. हिब्रूच्या इतिहासांत हें काम एकाही शतकांत सर्वस्वीं थांबलें नाहीं, म्हणूनच ती आज बोलते.