निंबाळकर, पृथ्वी शॉ आणि माझा बॉन्ड

मागच्या वीकांताला सोलापूरला गेलो होतो. शुक्रवारी ऑफिसातून जरा लवकर सटकून संध्याकाळची हुतात्मा पकडली, रात्री आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन झोपलो. शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे पार्क चौकात कट्टा. मल्ल्या, इरफान, सच्या आणि मी. बाकीच्या जगात काहीही चाललेलं असो, आमचा विषय एकच... महाराष्ट्राच्या रणजी टीमला नेमकं काय हवंय?

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रणजीत एका राज्याचा खेळाडू दुसऱ्या राज्याकडून खेळू शकतो, पण आधी मूळ संघटनेकडून 'ना हरकत' म्हणजे एनओसी घ्यावी लागते. आणि असे बाहेरचे खेळाडू एका संघात जास्तीत जास्त तीन. त्यामुळे हे तीन स्लॉट कुणावर खर्च करायचे हा वादाचा मोठाच विषय असतो. २०२५मध्ये महाराष्ट्राने मुंबईचा पृथ्वी शॉ घेतला आणि केरळकडून खेळणारा जलज सक्सेना घेतला. तेव्हापासून आमच्या कट्ट्याला नवीन खाद्य मिळालंय.

इरफानचं म्हणणं, सलामीला मारणारा माणूस हवाच होता. सच्याचं म्हणणं, ओपनर गल्लोगल्ली मिळतात, दिवसभर एक टोक धरून ऑफस्पिन टाकणारा आणि वर सातव्या नंबरवर पन्नास करणारा मिळत नाही, त्यामुळे खरी खरेदी सक्सेनाची. आणि मल्ल्याचं म्हणणं, दोघंही नकोत. "बाहेरचा एक आला की आतला एक घरी बसतो. माझा भाचा ऑफस्पिनच टाकतो बे. त्यानं काय करायचं?"

ह्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग इरफानने चंदीगडविरुद्धचे शॉचे २२२ काढले. मल्ल्या म्हणाला, "ठीकाय, मारले. पण हा उद्या परत गेला तर? ह्यांना निष्ठा वगैरे काय असते का नाही?"

मी गप्प होतो. कारण माझ्या बॅगेत लॅपटॉप होता, लॅपटॉपमध्ये एक ऑफर लेटर होतं, आणि सहा वर्षांतली ही माझी तिसरी कंपनी सुटणार होती. घरी अजून सांगितलेलं नाही. मल्ल्यालाही नाही.

सोमवारी पहाटेच्या हुतात्माने परतताना डोक्यात हेच चालू होतं. निष्ठा! बरं, ह्या बाबतीत आपला इतिहास काय सांगतो? जे आठवतं, ते इथे मांडतोय.

महाराष्ट्राने रणजी करंडक आजवर दोनदाच जिंकलाय, १९३९-४० आणि लगेच १९४०-४१ साली. दोन्ही वेळी कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस १९४० साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुंबईविरुद्ध २४६ धावा काढतो! आपण तिशी जवळ आली की पाठ धरतो. असो. त्या संघातला हुकमाचा एक्का म्हणजे सांगलीचे विजय हजारे. १९३९-४०च्या मोसमात त्यांनी पुण्यात नाबाद ३१६ धावा काढल्या. कुणाविरुद्ध? बडोद्याविरुद्ध.

आणि पुढे काय झालं? हजारे बडोद्याकडून खेळायला लागले! ज्यांना धुतलं त्यांनीच उचललं. आजच्या काळात हे झालं असतं तर पार्क चौकात आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता. बडोद्याने १९४२-४३ला करंडक जिंकला, १९४६-४७ला पुन्हा जिंकला. त्या दुसऱ्या वेळच्या अंतिम सामन्यात हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९, दोघांची चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी. तो विक्रम मोडायला २००६ साल उजाडावं लागलं, संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडला.

आता हजारे गद्दार होते का? हा प्रश्नसुद्धा कानाला विचित्र वाटतो. कारण साधं होतं. रणजी खेळून तेव्हा पोट भरत नव्हतं. बडोदा हे संस्थान होतं, तिथे क्रिकेटरला नोकरी मिळत होती. देवधरांना पुण्यात कॉलेजचा पगार होता, ते पुण्यात राहू शकले. ज्याला असा पगार नव्हता त्याने नोकरी असेल तिथे जायचं. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी बडोद्याकडून खेळले, आणि सैन्यात असल्यामुळे पुढे सर्व्हिसेसकडून. पुण्याचेच चंदू बोर्डेसुद्धा बडोदा आणि महाराष्ट्र, दोन्हीकडून खेळलेत.

बडोद्याच्याही वरताण म्हणजे इंदूरचे होळकर. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी १९२३मध्येच इंदूरला नेलं आणि आपल्या सैन्यात हुद्दा दिला, म्हणून ते 'कर्नल' सी. के. नायडू. पुढे होळकरांचा संघ रणजीत उतरला आणि माणसं गोळा होत गेली. मुश्ताक अली घरचेच. चंदू सरवटे महाराष्ट्राकडूनही खेळलेले. खंडू रांगणेकर तर मुंबई, महाराष्ट्र, होळकर सगळीकडून. हा संघ १९४१-४२ ते १९५४-५५ एवढाच काळ रणजी खेळला. चौदा मोसम, त्यात दहा वेळा अंतिम सामना आणि चार वेळा करंडक! आजच्या भाषेत ह्याला 'सुपरटीम' म्हणतात.

पण ह्या सुपरटीमची एक गंमत सांगतो, टीमची गरज वगैरे चर्चा करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी. १९४४-४५च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून चक्क इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. महायुद्धामुळे तो सैन्यात होता आणि भारतात होता. मुंबईविरुद्ध शेवटच्या डावात त्याने नाबाद २४९ काढल्या. निकाल? मुंबई ३७४ धावांनी जिंकली. एक मोठा माणूस आणला की टीम होत नाही, हे सच्या नेहमी म्हणतो ते तेव्हाही खरं होतं.

आता भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२चा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायला तयार होईनात, त्यांनी सामनाच सोडून दिला. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. जे माहीत नसतं ते हे, की निंबाळकर कारकिर्दीत बडोदा, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा किती संघांतून खेळले. आणि भारताकडून अधिकृत कसोटी एकही नाही. ४४३ काढणाऱ्या माणसाला देशाने बोलावलं नाही, मग तो ज्या गावाने बोलावलं तिथे गेला. ह्यात निष्ठेचा प्रश्न कुठे आला?

आपल्या गावाचंच बघा ना. पॉली उम्रीगर सोलापूरचे! शाळेत असतानाच घरचे मुंबईला गेले, मग ते मुंबईकडून खेळले, मधली काही वर्षं गुजरातकडून. ५९ कसोटी, १२ शतकं, आणि १९५५मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, कसोटीतलं भारतीयाचं पहिलं द्विशतक. पार्कच्या कट्ट्यावर आम्ही उम्रीगरांना छाती फुगवून 'आपले' म्हणतो. म्हणजे आपला माणूस बाहेर जाऊन मोठा झाला की अभिमान, आणि बाहेरचा आपल्याकडे आला की निष्ठेचा प्रश्न. मल्ल्या, वाचतोयस ना? :-)

हे सगळं अमेरिकेत जास्त भांडून झालंय. तिकडच्या बास्केटबॉलमध्ये पूर्वी खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा क्लबचा हक्क संपत नसे. तुला खेळायचं तर आमच्याकडेच, नाहीतर घरी बस. ऑस्कर रॉबर्टसन हा त्या काळातला फार मोठा खेळाडू, आणि खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष. १९७०मध्ये त्याच्या नावाने एनबीएवर खटला भरला गेला. तडजोड व्हायला १९७६ उजाडलं. तोवर रॉबर्टसन निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ज्या हक्कासाठी भांडला तो त्याला स्वतःला वापरताच आला नाही. पूर्णपणे मोकळा खेळाडू, ज्याला ते लोक 'फ्री एजंट' म्हणतात, तो यायला १९८८ लागलं. टॉम चेंबर्स त्या वर्षी सिॲटल सोडून फिनिक्सला गेला. आज तिकडचे चाहते दर उन्हाळ्यात आमच्यासारखेच भांडतात, सेंटर घ्यायचा की गार्ड, पगाराच्या मर्यादेत कोण बसतो. पण तो कुठे जाणार हे शेवटी खेळाडू ठरवतो, हे त्यांनी एकदाचं मान्य केलंय.

आपल्याकडे २० फेब्रुवारी २००८ला आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि पैसा आला. खूप आला, चांगलंच झालं. पण लिलावात खेळाडू आपली किमान किंमत सांगतो, गाव सांगत नाही. आपणही घरबसल्या मालक होतो. ह्याला घ्या, त्याला सोडा, ह्याचे एवढे कोटी जास्त झाले. 'त्याला कुठे जायचं असेल' हा विचार माझ्या तरी मनात कधी आला नव्हता.

आणि टीमच्या निष्ठेचं काय? पुण्यात आयपीएलची टीम २०११मध्ये आली, २०१३नंतर गेली. २०१६मध्ये दुसरी आली, २०१७नंतर गेली. होळकरांचा एवढा दणदणीत संघ, संस्थानं विलीन झाली आणि काही वर्षांत तोही इतिहासजमा. गेले तेव्हा कोणी चाहत्यांकडून एनओसी घेतली नाही.

माझे आजोबा सोलापुरात गिरणीत होते. तीस वर्षं एकाच साच्यावर. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांना तीन महिन्यांची नोटीस मिळाली नव्हती, एक दिवस फाटकाला कुलूप दिसलं एवढंच. माझ्या पहिल्या कंपनीने (नाव कशाला घ्या) जॉइन होतानाच दोन वर्षांचा बॉन्ड लिहून घेतला, आधी सोडलं तर दीड लाख भरा. वर दर महिन्याच्या मीटिंगमध्ये 'वी आर अ फॅमिली'. दीड वर्षाने प्रोजेक्ट गेला, आमच्यातले अकरा जण बेंचवरून थेट घरी. त्यांना दीड लाख कोणी दिले नाहीत. बॉन्ड एकाच बाजूने चालतो हे मला तेव्हा कळलं.

मग मल्ल्याच्या भाच्याचं काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. जागा अकराच. तीन बाहेरचे आले की तीन आतले थांबणार. जानेवारी २०२४मध्ये पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हा हा भाचा दिवसभर कुंपणाला चिकटून बसला होता. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की बाबा रे, टीमची गरज वेगळी आहे?

पण सक्सेनाकडे बघितलं की मला थोडं उत्तर दिसतं. हा माणूस मूळ इंदूरचा. मध्य प्रदेशकडून खेळला, मग केरळकडून. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी करणारा पहिला खेळाडू, आणि भारताकडून एकही सामना नाही. निंबाळकरांचीच गोष्ट, ऐंशी वर्षांनी. तेव्हा आपली पोरं इंदूरला जात होती, आता इंदूरचा माणूस आपल्याकडे आलाय. भाच्याने ऑफस्पिन कोणाकडून शिकावं, तर ह्याच्याकडून. तीन जागा द्यायच्याच तर अशा माणसांना द्या ज्यांच्या बाजूला उभं राहून आतला मुलगा चार गोष्टी शिकेल. आणि एवढं करूनही भाच्याला इथे जागा मिळाली नाही, तर त्याला हसत एनओसी द्या. अडवू नका. हजारेंना कोणी अडवलं असतं तर ते २८८ झालेच नसते.

तेव्हापासून महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ला अंतिम फेरीत हरला. तिसरा करंडक अजून यायचाय. आला तर तो मूळच्या अकरा जणांनी आणला की आठ अधिक तीन जणांनी, ह्याचा हिशोब मी तरी ठेवणार नाही. पार्क चौकात पेढे वाटीन.

असो. बरंच लांबलं. लिहून झाल्यावर घरी फोन लावला आणि बाबांना नोकरी बदलतोय म्हणून सांगून टाकलं. मला वाटलं होतं 'एका जागी टिकून राहा' ऐकावं लागणार. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पगार वाढतोय ना? आणि आधीच्या लोकांशी भांडून निघू नकोस."

मल्ल्याला पुढच्या शनिवारी सांगेन. तो चार शिव्या देईल, मग चहा माझ्या नावावर टाकेल.