‘आलम आरा’ आगीत जळाला नव्हता

‘आलम आरा’ची शेवटची प्रत २००३ साली पुण्यातील आगीत भस्मसात झाली, असे आजही अनेक ठिकाणी वाचायला मिळते. भारताचा पहिला बोलपट, सरकारी संग्रह आणि आग. कथा सहज पटते, पण ती खरी नाही.

आग मात्र खरी होती. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मचे कोठार पेटले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची, ६०७ चित्रपटांची ५,०९७ रिळे नष्ट झाली. ‘प्रभात’च्या कित्येक मूळ निगेटिव्ह त्यांत होत्या. चित्रपटप्रेमींत हळहळ आणि संताप उसळला, आणि गमावलेल्या चित्रपटांच्या यादीत ‘आलम आरा’चेही नाव येऊन बसले. संग्रहालय उभे करणारे पी. के. नायर यांनी त्याचे खंडन केले. तो चित्रपट संग्रहालयाच्या हाती कधी आलाच नव्हता.

मग तो गेला कुठे? त्यासाठी आधी फिल्म म्हणजे काय वस्तू होती, हे पाहावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या पट्टीवर छापले जात. ही पट्टी एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. ती पेटली नाही तरी उष्ण, दमट हवेत आपोआप कुजते. आधी चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. मुंबईची हवा तिला अजिबात मानवणारी नव्हती. उपाय एकच होता : वेळेत दुसऱ्या, सुरक्षित फिल्मवर प्रत काढणे. तो खर्च कोणी करायचा, हे मात्र कोणीच ठरवलेले नव्हते.

निर्मात्याच्या दृष्टीने खेळ संपलेला चित्रपट म्हणजे जुना माल. त्या मालालाही बाजारभाव होता. कृष्णधवल फिल्मवरील थरात चांदी असते. ती काढून घेतली जाई आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या बनत. एखाद्या नायिकेचा चेहरा असा कोणाच्या मनगटावर गेला असेल, ही कल्पना विचित्र वाटते, पण व्यवहार तसाच होता.

स्टुडिओ बुडाला की प्रश्न आणखी बिकट होई. मालाडला १९३४ साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी उभारलेली ‘बॉम्बे टॉकीज’ पन्नासच्या दशकात बंद पडली आणि त्या जागेत पुढे लहानसहान कारखाने आले. अशा वेळी निगेटिव्ह कोणाच्या, हा प्रश्न धनको, वितरक आणि प्रयोगशाळा यांच्या हिशेबात अडकून पडे. मालकी सांगायला अनेक जण पुढे येत. सांभाळण्याचे नाव कोणी काढत नसे.

सरकारचे काय? १८६७च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे जमा करणे मुद्रकाला बंधनकारक होते. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटांवर परीक्षण लादले, पण प्रत जमा करण्याची सक्ती केली नाही. चित्रपट दाखवावा की नाही याची काळजी सरकारला होती, तो उरावा याची नव्हती. राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी झळकल्यानंतर तब्बल ३३ वर्षांनी.

नायर यांचे आयुष्य मग कुटुंबांच्या दारात, कोठारांत आणि भंगारवाल्यांकडे शोध घेण्यात गेले. नाशिकला फाळके कुटुंबीयांकडून त्यांना ‘कालिया मर्दन’ तुकड्यातुकड्यांत मिळाला आणि तो जवळपास पूर्ण जुळवता आला. ‘राजा हरिश्चंद्र’चे नशीब तेवढे चांगले नव्हते, सुमारे ३,७०० फुटांपैकी १,४७५ फूट, म्हणजे पहिले आणि शेवटचे रीळ एवढेच संग्रहात आले.

२००३च्या आगीकडेही या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. मूळ निगेटिव्हचे नुकसान भरून न येणारे आहे, कारण प्रतीवरून काढलेल्या प्रतीत तो तजेला उरत नाही. तरीही ‘संत तुकाराम’ आपण आज पाहू शकतो, कारण आगीच्या आधीच त्याची प्रत निघाली होती. ‘आलम आरा’च्या बाबतीत ते काम कोणाकडेच नव्हते. त्याचा दोष पुण्याच्या ज्वाळांवर ढकलला की १९३१ ते १९६४ मधली सगळी वर्षे निर्दोष सुटतात.

नायर अर्देशीर इराणी यांना मुंबईत भेटले, तेव्हा इराणी वृद्ध झाले होते. चित्रपटाची काही रिळे आपल्याकडे असतील, असे त्यांना वाटत होते. नायर यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, इराणींच्या मुलाने त्यांना बाजूला घेऊन खरे काय ते सांगितले : ती रिळे त्यानेच चांदी काढून केव्हाच विकून टाकली होती. वडिलांना ते ठाऊक नव्हते.

आज ‘आलम आरा’ची काही छायाचित्रे आणि जाहिरातीचे साहित्य उरले आहे. त्याच्या प्रती ज्या बेल अँड हॉवेल यंत्रावर छापल्या गेल्या, तेही काही वर्षांपूर्वी मुंबईतील साड्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानात सापडले. १९६२ साली ते इराणींकडून २,५०० रुपयांना विकत घेतले गेले होते.