आठ आण्याची विकेट



मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात मी पालवणकर बाळूचं नाव काढलं. एक कार्यकर्ता ताडकन बोलला, "तो? बाबासाहेबांच्या विरोधात इलेक्शनला उभा राहिला तो? त्याचा फोटो आपल्या भिंतीवर नको." गोष्ट खोटी नाही, म्हणून मी गप्प बसलो. पण रात्रपाळीला साच्यापुढे उभा राहिलो आणि ते डोक्यातून जाईना. इलेक्शनकडे येतोच. आधी पोरगा बाळू बघा, कामगार बाळू बघा.

जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. जात चांभार. बाप पुण्याला लष्कराच्या चाकरीत. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटबॉलवर बाळू आणि धाकटा शिवराम खेळ शिकले. शाळा लवकर सुटली आणि पोरगा पारशांच्या क्लबात कामाला लागला. पिच झाडायचं, रोलर ओढायचा, कधीमधी मेंबरांना बॉल टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला, तिथं ४ रुपये. काम तेच. झाडलोट, रोलर, नेट लावणं. फरक एवढाच की एका साहेबानं त्याचा डावखुरा स्पिन पाहिला आणि त्याला नेटमध्ये उभा केला.

तिथं जे. जी. ग्रेग नावाचा मोठा बॅट्समन होता. सांगतात की तो सगळ्यांच्या आधी मैदानावर येई, एकट्या बाळूकडून बॉलिंग टाकून घेई, आणि आउट झाला की दर वेळी आठ आणे देई. आता हिशेब करा. महिन्यात आठ वेळा साहेबाला उडवला तर वरचे ४ रुपये, म्हणजे पगार दुप्पट. याला आपल्या भाषेत पीसरेट म्हणतात. लोक ही गोष्ट साहेबाच्या दिलदारीची म्हणून सांगतात. मला त्यात बाळूचं मनगट दिसतं. त्या अर्ध्या रुपयासाठी बॉल कुठं टाकायचा, किती वळवायचा, किती उंच सोडायचा, हे पोरगं रोज घासून घासून शिकलं.

आणि हे ध्यानात ठेवा, इतकी वर्षं शेकडो तास बॉल टाकले, पण त्या नेटमध्ये त्याच्या हातात बॅट एकदाही दिली गेली नाही. बॅटिंग साहेबाची, घाम नोकराचा. मीही अंधेरीकडच्या एका क्लबात दोन मोसम नेटबॉलर होतो. वडापाव आणि रिक्षाभाडं मिळायचं. पॅड कधी बांधायला मिळाले नाहीत. म्हणून हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

पुण्यातल्या हिंदूंनाही गोऱ्यांना हरवायचं होतं. बॉलर तर समोर उभा, पण चांभार! क्लबातले तेलुगू मेंबर म्हणाले घ्या, ब्राह्मण मेंबर अडले. शेवटी जिंकायची हाव जातीपेक्षा थोडी मोठी ठरली. थोडीच. मैदानावर त्याच्या हाताचा बॉल सगळे झेलत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनी मातीच्या कपात पीत, बाळू बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला त्याचं पान वेगळं. त्याच बाळूच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं. चामड्याच्या बॉलला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे गणित ज्यानं मांडलं त्याला माझा नमस्कार.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आला. हिंदू जिमखान्याच्या टीमकडून खेळला, बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरीला लागला. म्हणजे आपली वेस्टर्न. अंधेरी-बोरिवलीहून आपण ज्या रुळांवर लटकत येतो, त्या कंपनीच्या टीमचा तो बॉलर. चर्नी रोड सुटलं की उजव्या हाताला जिमखाने दिसतात, त्यातला एक हिंदू जिमखाना, १८९४ चा.

फेब्रुवारी १९०६. हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदू १०९ रनांनी जिंकले. बाळूच्या आठ विकेटी, टीममध्ये शिवरामही. पुढं १९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या कप्तानीखाली हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली. ती २३ पैकी ६ मॅच जिंकली, १५ हरली. महाराजा अर्ध्यातून दौरा सोडून मेजवान्यांत रमला. बाळूनं मात्र ११४ विकेटी काढल्या. परत आल्यावर अस्पृश्यांनी त्याचा सत्कार केला, आणि त्या मानपत्रामागे तरुण भीमराव आंबेडकर होते असं लिहिलेलं आहे.

एवढं करून हिंदूंच्या टीमची कप्तानी बाळूला मिळाली नाही. ती १९२३ साली धाकट्या विठ्ठलला मिळाली, तीही भांडून, लोकांचा दाब आल्यावर.

आता इलेक्शन. १९३२ च्या पुणे करारावर बाळूची सही आहे. १९३७ ला भायखळा-परळच्या मतदारसंघात काँग्रेसनं त्याला बाबासाहेबांपुढे उभा केला. बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. मला विचाराल तर तो चुकला. ज्यांनी त्याला बाहेर चहा पाजला त्यांच्याच छत्रीखाली गेला. पण छत्री धरणाऱ्यांनी नेमका त्यालाच का उचलला, हेही विचारा. बाबासाहेबांपुढे उभं करायला एक अस्पृश्य पाहिजे होता, आणि घराघरात माहीत असलेलं असं दुसरं नाव त्यांच्याकडे कुठं होतं? महार-चांभारांत फूट पाडायची सोय त्यात आयती होती. आणि ते ११,२२५ कागद टाकणारे कोण होते? सगळे काय शत्रू होते? आपल्याच बाजूच्या चाळीतली माणसं होती ती. त्यांना अजून आपण आपलं म्हणायला शिकलो नाही, आणि बाळूचा फोटो काढून ते शिकता येणार नाही.

१९५५ च्या जुलैत बाळू गेला.

पुढच्या रविवारी वर्ग आहे. झेरॉक्स काढून ठेवली आहे. ज्याला भिंतीवर नको त्यानं समोर येऊन सांगावं, मी पहिल्या रांगेत बसलेला असेन.