कोऱ्या कागदावरचा शिक्का

बिदरला गेलो की किल्ल्याआधी माझी पावले मदरशाकडे वळतात. उदगीरकडून येणाऱ्या माणसाला हे शहर परके वाटत नाही. बाजारात कन्नड चालते, दखनी चालते आणि मराठीवरही काम भागते. मदरशाचा दर्शनी भाग आज निम्माच शिल्लक आहे. १६९६ साली, औरंगजेबाच्या काळात, आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि निम्मी इमारत कोसळली. एक मिनार उभा आहे, त्याच्या जोडीचा नाही. उरलेल्या भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून चमकतात. १४७२ साली ही तीन मजली इमारत कोणा सुलतानाने नव्हे, त्याच्या वजिराने बांधली. ख्वाजा महमूद गावान त्याचे नाव.

आपल्याकडे इतिहास म्हणजे तख्तावर बसणाऱ्यांची यादी. तख्ताच्या शेजारी उभा राहून राज्य चालवणारा माणूस दोन ओळींत संपतो. आपल्या मोहल्ल्यातल्या संस्थांतही तेच दिसते. सदर कोण होणार यावर महिनाभर भांडणे होतात. नायब सदराचे नाव विचारले तर सभासदांना आठवावे लागते. आणि संस्था चालवत असतो बहुधा तोच. म्हणून मला गावानचा इतिहास केवळ बहामनी राज्याचा इतिहास वाटत नाही. दुसऱ्या क्रमांकावर राहून पहिल्या क्रमांकाचे काम कसे करावे आणि ते करताना माणसाचे पाऊल कुठे चुकते, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

हा माणूस मूळ इराणातल्या गीलानचा. घराणे राजदरबारातले, पण घरच्या राजकारणाला कंटाळून व्यापारात पडला. १४५३ च्या सुमारास दाभोळच्या बंदरात उतरला तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. बिदरला येऊन पुढे दिल्लीकडे जायचा बेत होता म्हणतात. तो बेत बारगळला आणि गावान दखनचा झाला. अलाउद्दीन अहमदशहाने त्याला चाकरीत घेतले, हुमायूनशहाने 'मलिक-उत्-तुज्जार' हा किताब दिला. या हुमायूनला इतिहासकारांनी 'जालिम' हे बिरुद लावले आहे. अशा धन्याच्या पदरी राहून गावानने आपली अब्रूही राखली आणि मानही वाचवली, हीच त्याची पहिली परीक्षा समजावी.

१४६१ साली हुमायून वारला आणि तख्तावर आठ वर्षांचे पोर आले. कारभार तिघांच्या हाती होता : राजमाता मख्दूमा-ए-जहाँ नर्गिस बेगम, ख्वाजा जहान तुर्क आणि गावान. पडद्याआडची ही बाई या तिघांत सर्वांत खंबीर होती, असे माझे मत आहे. आपल्या इतिहासलेखकांनी तिच्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहायला हवे. माळव्याचा महमूद खिलजी चालून आला, बिदर शहर हातचे गेले. तेव्हा गावानने गुजरातच्या महमूद बेगडाची मदत मिळवली आणि खिलजीला परत फिरावे लागले. शेजाऱ्याच्या फौजेने राज्य वाचवण्यात कमीपणा आहे असे त्याला वाटले नाही. १४६३ मध्ये बालसुलतान वारला, त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहम्मदशहा तख्तावर आला. इकडे ख्वाजा जहान तुर्काला सत्ता चढली. गावानला त्याने सरहद्दीच्या कामांत अडकवून ठेवले आणि खजिना आपला समजून वागू लागला. १४६६ मध्ये राजमातेच्या इशाऱ्यावरून भर दरबारात त्याला ठार करण्यात आले. त्याची जागा गावानला मिळाली. तख्ताजवळचा माणूस कसा मरतो हे त्याने पाहिले होते, आणि त्याच जागेवर त्याला बसायचे होते.

पुढची पंधरा वर्षे हा माणूस राज्य चालवत होता. सगळे लिहिणे शक्य नाही. कोकणची मोहीम मात्र सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मुलखातली आहे. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर, या टापूत बहामनी फौज पूर्वी एकदा कापली गेली होती. त्या फौजेच्या म्होरक्याचा किताबही 'मलिक-उत्-तुज्जार'च होता. गावान १४६९ मध्ये निघाला तो घाई न करता. जंगल तोडत वाटा केल्या, पावसाळा आला तेव्हा घाट चढून कोल्हापूरकडे छपरे घालून राहिला, पाऊस सरल्यावर पुन्हा उतरला. जिथे लढून वेळ जाईल तिथे पैसा वापरला. खेळणा घेतला, संगमेश्वर घेतले आणि १४७२ च्या सुरुवातीला गोवाही आले. या काळातली त्याची पत्रे 'रियाज-उल्-इन्शा' या संग्रहात आहेत. त्यांत शत्रूपेक्षा बिदरच्या दरबारी मंडळींबद्दलची तक्रार जास्त आहे. रसद अडते, माणसे वेळेवर येत नाहीत, पाठीमागे कान भरले जातात. बाहेर कामावर असलेल्या प्रत्येक दुय्यम अधिकाऱ्याचे हे दुखणे आहे.

गोव्याहून परतल्यावर सुलतान आठवडाभर गावानच्या घरी पाहुणा राहिला, राजमातेने त्याला भाऊ म्हटले. फरिश्ता सांगतो की पाहुणे गेल्यावर गावान खोलीत शिरला, मानाची वस्त्रे काढून ठेवली आणि रडला. मग फकीर-दरवेशांना बोलावून घरातली दौलत वाटून टाकली. घोडे-हत्ती ठेवले, ते सुलतानाचे म्हणून. पुस्तके ठेवली, ती विद्यार्थ्यांची म्हणून. फरिश्ता शंभरेक वर्षांनी लिहितो आहे, गोष्टीला थोडा रंग चढला असेल. पण मानाचे ओझे जड असते हे गावानला कळत होते, एवढे त्यात खरे असावे.

आता त्याच्या खऱ्या कामाकडे येऊ. राज्यात चार मोठ्या तरफा होत्या : गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण. प्रत्येक तरफदार जवळजवळ राजाच. गावानने चाराच्या आठ केल्या. वऱ्हाडची गाविल आणि माहूर, दौलताबादेतून जुन्नर वेगळे, गुलबर्ग्यातून विजापूर, तेलंगणाची राजमहेंद्री आणि वारंगळ. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार. प्रत्येक तरफेतला काही मुलूख थेट सरकारी खजिन्याकडे घेतला. जमिनीची मोजणी सुरू केली. शिपायांचा पगार वाढवला आणि सरदाराने माणसे कमी ठेवली तर तेवढी रक्कम परत घेण्याचा नियम केला. वाचायला छान वाटते. पण प्रत्येक कलमाबरोबर एक शत्रू तयार होत होता, आणि सुलतानाच्या हातात जमा होणारी ही सगळी ताकद ज्या सुलतानासाठी होती, तो दारूत बुडत चालला होता.

त्यात दरबारात दोन तट. एक दखनी, म्हणजे इथले, त्यांच्याबरोबर हबशी. दुसरे आफाकी, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले. सगळे कलमा पढणारे, तरी एकमेकांच्या रक्ताचे तहानलेले. आपण 'मुसलमानांचे राज्य' असा शब्द सहज वापरतो. त्या राज्याच्या पोटात काय चालले होते ते पाहिले तर हा शब्द किती भोंगळ आहे ते कळते. गावान स्वतः आफाकी, पण त्याने तराजू समतोल धरायचा प्रयत्न केला. फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क आणि मलिक हसन बहरी हे दखनी तरफदार, तर यूसुफ आदिल खान आफाकी. मलिक हसन हा मूळ आपल्या पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, लहानपणी विजयनगरच्या लढाईत सापडून मुसलमान झालेला, असे फरिश्ता लिहितो. हुशार आणि महत्त्वाकांक्षी. तेलंगणाचे दोन तुकडे झाले तेव्हा त्याची निम्मी जहागिरी गेली. ते तो विसरला नाही.

१४८१ मध्ये सुलतानाची छावणी पूर्वेकडे कोंडापल्लीला होती. यूसुफ आदिल खान दूर मोहिमेवर होता. संधी साधून मलिक हसनच्या माणसांनी गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी गुलामाशी मैत्री वाढवली, त्याला भेटी दिल्या, दारू पाजली. एका रात्री घडी घातलेला कागद पुढे केला : एका दोस्ताचा हिशेब आहे, बऱ्याच अधिकाऱ्यांचे शिक्के झाले, तुमचा तेवढा राहिला. त्याने कागद न उघडता शिक्का उठवला. कागद कोरा होता. मग त्यावर गावानच्या नावाने ओरिसाच्या राजाला पत्र लिहिले गेले, की आमच्या दारुड्या सुलतानाला रयत कंटाळली आहे, आपण चालून यावे.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगावीशी वाटते. एका शिक्षणसंस्थेत काही वर्षे मी सहचिटणीस होतो. पगाराची तारीख यायची आणि अध्यक्ष गावाला असायचे, म्हणून ते सह्या केलेले कोरे चेक ठेवून जात. दुसरी सही माझी. मीही घाईच्या दिवशी दोन-तीन कोऱ्या चेकवर सही करून कारकुनाकडे देत असे. अफरातफर झाली नाही, खुदाचे आभार. पण एकदा हिशेबात एका चेकाचा मेळ लागेना, तेव्हा ती रात्र मी कशी काढली ते माझे मला ठाऊक. सही माझी होती, रक्कम कोणी लिहिली ते मला सांगता येत नव्हते. गावानची हकीगत मी त्यानंतर पुन्हा वाचली, आणि त्या शिक्केवाल्या गुलामाऐवजी गावानचाच मला राग आला. आठ तरफांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने आपला शिक्का कोणाच्या उशाशी असतो हे का पाहू नये?

सुलतानाने बोलावणे धाडले. मित्रांनी सांगितले, जाऊ नका, घोडेस्वार तयार आहेत, गुजरातकडे निघा. गावानने ऐकले नाही. दरबारात सुलतानाने विचारले, धन्याशी हरामखोरी करणाऱ्याला काय शिक्षा? तो म्हणाला, तलवार. मग पत्र दाखवले. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, एवढेच त्याचे उत्तर. चौकशी झालीच नाही. सुलतान नशेत होता, उठून आत गेला, आणि जौहर नावाच्या हबशी गुलामाने सत्तरी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्याची मान उडवली. हा दिवस ५ एप्रिल १४८१ चा. तो निर्दोष शहीद झाला अशा अर्थाची एक फारसी ओळ तेव्हा रचली गेली; तिची अक्षरे अबजदने मोजली तर ८८६ हे हिजरी साल निघते.

मग सुलतानाला गावानची दौलत आठवली. खजिनदाराला विचारले. उत्तर आले की घरात दोन पेट्या आहेत, एक सुलतानाची, तिच्यातून फौज आणि जनावरांचा खर्च होतो. दुसरी गरिबांची, तिच्यात तीनशे लारी शिल्लक आहेत. इतक्या मोठ्या वजिराची एवढीच पुंजी? खजिनदाराने सांगितले, वतनातून येईल ते खर्च आणि खैरात यात जाई. स्वतःपुरते तो व्यापाराच्या भांडवलावर जगे. हारून खान शेरवानींनी १९४२ साली गावानवर इंग्रजीत चांगले पुस्तक लिहिले, त्यात या साऱ्याची छाननी आहे. मराठीत मात्र अशा तोलाचे काम माझ्या पाहण्यात नाही.

पश्चात्ताप झालेल्या सुलतानाने मय्यत मानाने बिदरला पाठवली. पण मोठे सरदार त्याच्या छावणीशेजारी उतरेनासे झाले. दुरूनच मुजरा करीत, जवळ येत नसत. १४८२ मध्ये सुलतान मेला. बारा वर्षांच्या मुलाच्या नावाने कारभार मलिक हसनच्या हाती गेला आणि त्याचा किताब होता 'मलिक नायब'. ज्या जागेसाठी त्याने तो कागद लिहिला ती जागा त्याला मिळाली. १४८६ मध्ये त्याच बिदरात त्याचाही खून झाला. चार वर्षांनी त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, जुन्नरकडे स्वतंत्र राज्य उभारले आणि पुढे भिंगारजवळ अहमदनगर वसवले. यूसुफ आदिलने विजापूर घेतले, फतहुल्लाने वऱ्हाड. गावानने फौज आणि खजिना एका हाताखाली आणण्यासाठी ज्या तरफा आखल्या, त्यांच्याच राजधान्या झाल्या.

गावानची कबर बिदर शहराबाहेर गोरनळ्ळीजवळ आहे. तिच्यावर घुमट नाही. मागच्या खेपेला तिथे गेलो तेव्हा कडुनिंबाच्या सावलीत एक शेळी बांधलेली होती आणि तिचा मालक शेजारी झोपला होता. मी फातिहा पढलो आणि त्याची झोप न मोडता परत फिरलो.