साथीचा रोग आणि भरपाईचा कायदा

मंडळी, आपला सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात होता, त्या काळची ही हकीकत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि गिरण्यांतले हजारो कामगार गावाकडे पळाले. मालवणाकडचे चाकरमानीही एरवी शिमग्या-गणपतीला घरी यायचे. आता जीव वाचवायला येऊ लागले.

माणसे टिकावीत म्हणून कित्येक गिरणीमालकांनी रोजची मजुरी रोज हातावर ठेवली. पण कामगार प्लेगने गेला, तर मागे राहिलेल्या बायकापोरांना काय? कायद्याने काहीच नाही. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे १८९७ साली प्लेगलाच बळी पडले. १९१८ च्या इन्फ्लुएंझात देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. तेव्हाही तीच गत.

भरपाईचा कायदा झाला १९२३ साली. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. काजूच्या कारखान्यात यंत्रात बोटे सापडली, तर गोष्ट उघड आहे. पण साथीचा ताप आला कुठून? घरातून, बाजारातून, की कारखान्यातून? ते सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या माथी. कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी होती खरी. पण आरंभी तीत शिसे व फॉस्फरसची विषबाधा आणि अँथ्रॅक्स, एवढेच.

पुढे यादी वाढली. दवाखाना, प्रयोगशाळा अशा संसर्गाचा खास धोका असलेल्या कामात तसा रोग जडला, तर तो कामामुळेच जडला असे कायदा धरून चालू लागला. तसे नाही, हे दाखवायचे मालकाने. ओझे एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर गेले!

२०२० मध्ये कोविड आला आणि हा भेद पुन्हा पुढे आला. परिचारिकेला कायद्याचा आधार. काजू सोलणाऱ्या बाईला मात्र पुरावा हवा. राज्य विमा योजनेतल्या मृत कामगारांच्या कुटुंबांसाठी २०२१ मध्ये वेगळी मदत योजना काढावी लागली.

नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. भरपाईचे मूळ तत्त्व तेच राहिले. तेव्हा गुरुजी, गावात एवढे जरूर सांगा: मालकाने हजेरी नीट ठेवावी, कामगाराने आजाराची खबर लगेच द्यावी, डॉक्टरचे कागद जपावेत आणि मागणी दोन वर्षांच्या आत करावी. साथ ओसरते, माणसे विसरतात. कागद तेवढा साक्षीला उरतो.