ब्रेकमनच्या हातातले ड्रीमलँड

मार्गेटच्या 'सिनिक रेल्वे'ची गाडी सुटे तेव्हा प्रवाशांबरोबर एक ब्रेकमनही निघे. उतारावर गाडी किती मोकळी सोडायची आणि कुठे आवरायची, ते तो लांब दांड्याच्या ब्रेकवर हात ठेवून ठरवी. आज बहुतेक रोलर कोस्टरचे सारे नियंत्रण यंत्राकडे असते. इथे ते माणसाच्या मनगटात राहिले. म्हणून ड्रीमलँड या उद्यानाची वाटचाल सांगताना मला मालकांच्या यादीपेक्षा हा ब्रेकमन जास्त महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, मार्गेट हे समुद्रकाठचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे दोन रेल्वे कंपन्यांची चढाओढ लागली होती. त्यांतल्या एकीने किनाऱ्याजवळ बांधलेले टर्मिनस प्रवाशांसाठी कधी वापरलेच गेले नाही. ती रिकामी इमारत स्पायर्स आणि पाँड या खानपान व्यावसायिकांनी घेतली आणि 1867 मध्ये तिथे 'हॉल बाय द सी' नावाचे उपाहारगृह व नृत्यगृह सुरू केले. आपल्या वाचकांना या जोडीची ओळख वेगळ्या वाटेनेही पटेल. 1861-62 मध्ये इंग्लंडचा क्रिकेट संघ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला गेला, तो यांच्याच पैशावर.

पुढे 1870च्या दशकात ही जागा जॉर्ज सँगर या सर्कसवाल्याकडे आली. तो स्वतःला 'लॉर्ड' म्हणवून घेई आणि लोकही त्याला तसेच हाक मारीत. हॉलमागच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीवर त्याने बाग केली, प्राण्यांचे पिंजरे बांधले, शोभेसाठी जुन्या मठासारखे खोटे भग्नावशेषही उभारले. नाचगाणे ऐकायला आलेल्यांनी मागच्या अंगाला जाऊन सिंह पाहावेत, असा तो बेत होता. त्या पिंजऱ्यांचे अवशेष अजून टिकून आहेत आणि त्यांना वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. सँगरचे 1911 मध्ये निधन झाले.

खरे वळण आले ते 1919 मध्ये, जॉन हेन्री आइल्स यांच्यामुळे. आइल्स हे मूळचे ब्रास बँडचे वेडे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1900 पासून भरू लागलेली बँडची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनीच सुरू केलेली. अमेरिकेत त्यांनी लामार्कस टॉम्प्सन यांच्या लाकडी घसरगाड्या पाहिल्या. टॉम्प्सन यांनी 1884 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला पहिली अशी गाडी चालवली होती. पुढे तिच्याभोवती बोगदे, रंगवलेले डोंगर, देखावे आले आणि 'सिनिक रेल्वे' हे नाव रुजले. युरोपात अशा गाड्या उभारण्याचे हक्क आइल्स यांनी मिळवले. मार्गेटची जागा घेतल्यावर नावही कोनी आयलंडचेच उचलले. तिथले ड्रीमलँड 1911 मध्ये आगीत बेचिराख झाले होते. जळालेल्या उद्यानाचे नाव नव्या उद्यानाला द्यायला त्यांना काही वाटले नाही, आणि आगीने पुढे याही ड्रीमलँडची पाठ सोडली नाही.

सिनिक रेल्वे 1920च्या जुलैमध्ये सुरू झाली. पहिले महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. घराघरातले तरुण गेलेले, आणि उरलेल्यांना काही तास तरी ओरडायचे, हसायचे होते. पहिल्याच हंगामात सुमारे पाच लाख लोक या गाडीत बसले.

या गाडीची रचना समजून घेतली तर पुढचा सगळा झगडा कळतो. गाडी केबलने चढावर ओढली जाई आणि माथ्यावरून पुढे आपल्याच वजनाने धावे. नंतरच्या रोलर कोस्टरना रुळाखालूनही चाके असतात, त्यामुळे डबा रूळ सोडून उचलला जाऊ शकत नाही. इथे ती सोय नाही. वेग बेसुमार झाला तर धोका, आणि ब्रेक फार आधी दाबला तर गाडी पुढच्या चढाआधीच रेंगाळणार. लाकूड ओले असले तर गाडी वेगळी पळे, डबे भरलेले असले तर वेगळी. हे सारे ब्रेकमन अंगाने ओळखे. उंची चाळीस फुटांच्या आसपास, वेग ताशी सुमारे पस्तीस मैल. आजच्या मानाने हे आकडे लहान आहेत. पण शेजारी बसलेला माणूस आपला जीव हातात धरून आहे, ही जाणीव आकड्यांत मावत नाही. आपल्या जत्रेत हाताने ढकलून फिरवलेल्या लाकडी पाळण्यात बसलेल्याला ती नक्की आठवेल.

आइल्स यांनी पुढे चित्रपटधंद्यात पैसा घातला आणि 1938 मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. त्याआधी 1935 मध्ये ड्रीमलँडचे नवे चित्रपटगृह उभे राहिले होते. आकाशात पात्यासारखा घुसणारा मनोरा आणि त्यावर उभ्या अक्षरांत लिहिलेले नाव, ही त्याची ओळख. सॅम मेंडिस यांच्या 2022च्या 'एम्पायर ऑफ लाइट' या चित्रपटात दिसते ते हेच चित्रपटगृह.

दुसऱ्या महायुद्धात उद्यान लष्करी कामासाठी घेतले गेले. 1940 मध्ये डंकर्कहून सोडवून आणलेल्या सैनिकांपैकी 46 हजारांहून अधिक जण मार्गेटच्या धक्क्यावर उतरले. 1946 मध्ये पाळणे पुन्हा फिरू लागले. 1949 आणि 1957 मध्ये सिनिक रेल्वेला आगी लागल्या, तरी दोन्ही वेळा ती दुरुस्त होऊन उभी राहिली. 1968 मध्ये आइल्स कुटुंबाने उद्यान विकले. तोवर विमानाने स्पेनला जाण्याच्या स्वस्त सहली निघाल्या होत्या. खात्रीचे ऊन मिळत असताना मार्गेटच्या वाऱ्यात कोण येणार? 1981 मध्ये बेम्बॉम बंधू या डच उद्योजकांनी उद्यान घेतले, नाव बदलले, उलट्या कोलांट्या घेणारे नवे पोलादी झुले आणले. जुनी गाडी त्यांच्या सावलीत चालत राहिली. 1996 मध्ये पुन्हा मालक बदलला. ड्रीमलँड हे नावही परत आले.

2002 मध्ये सिनिक रेल्वेला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. दुसऱ्याच वर्षी उद्यान बंद करून जमीन दुसऱ्या कामाला वापरण्याचे बेत जाहीर झाले. बाकी सगळे हलवता आले असते, पण ही लाकडी गाडी कायद्याने हलेना. 'सेव्ह ड्रीमलँड' ही लोकचळवळ तिच्याच आधाराने उभी राहिली. उद्यान बंद पडले, पण चळवळ थांबली नाही. उलट, साउथपोर्टचे आणि वेल्समधल्या रिलचे समुद्रकाठचे उद्यान बंद झाल्यावर तिथल्या जुन्या झुल्यांचे भाग या लोकांनी मिळवून जपून ठेवले. स्वतःच्या उद्यानाला टाळे असताना दुसऱ्यांच्या झुल्यांना आसरा देणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

7 एप्रिल 2008 रोजी सिनिक रेल्वेला पुन्हा आग लागली, या वेळी लावलेली. मार्गाचा सुमारे चौथा भाग आणि गाड्या जळाल्या. आता संपले, असे कुणालाही वाटले असते. पण 2011 मध्ये, ती अर्धवट जळून मुकी उभी असतानाच, तिचा वारसा दर्जा वाढवण्यात आला. हा निर्णय मला मनापासून पटतो. देवाच्या रथाची चाके, खांब बदलत जातात, कधी सारा रथच नव्या लाकडाचा होतो, तरी गाव म्हणते रथ तोच. या गाडीचेही लाकूड शंभर वर्षे तुकड्यातुकड्याने बदलत आले आहे. टिकला तो तिचा आराखडा, आणि तिला हाकण्याची रीत. ब्रेकमन घेऊन धावणाऱ्या अशा जुन्या गाड्या जगात मोजक्याच उरल्या. मेलबर्नच्या लूना पार्कमधली 1912ची आणि कोपनहेगनच्या टिव्होलीतली 1914ची, या त्यांतल्या.

स्थानिक कौन्सिलने सक्तीच्या खरेदीने 2013 मध्ये जागा ताब्यात घेतली आणि 19 जून 2015 रोजी ड्रीमलँड पुन्हा उघडले. सिनिक रेल्वे मात्र वेळेत तयार झाली नाही. लोक तिच्याभोवती फिरले, वर बघून गेले. नवे उद्यान चालवणारी कंपनी वर्षभरातच कर्जात बुडाली, प्रशासकांच्या हाती गेली, आणि 2017 मध्ये उद्यानाने पुन्हा नव्याने सुरुवात केली. पण त्याआधी, 2015च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम सरून किनाऱ्यावर गारठा पडला असताना, नव्याने बांधलेली गाडी केबलला लागली आणि प्रवाशांना घेऊन माथ्यावर चढली. दांड्यावर ब्रेकमनचा हात होता.