करवंदाचा पैसा

करवंद फुकटचं असतं, असं फक्त गिऱ्हाइकाला वाटतं. ‘झाडाला कधी पाणी घातलंत? मग एवढे पैसे कसले?’ हा सवाल वसई रोड स्टेशनबाहेर मी इतक्यांदा ऐकलाय, की आता तो नुसत्या स्वरावरून ओळखू येतो. माझी शिक्षिकेची नोकरी वसईजवळच्या तुंगारेश्वर डोंगराच्या पायथ्याला झाली. वर्गातल्या कितीतरी पोरांच्या आया मे महिन्यात डोंगरात असायच्या. त्यामुळे या फळाला ‘रानमेवा’ म्हणून कौतुकाने हातात घेणं मला जमत नाही. हा एक मोसमी धंदा आहे आणि त्याला इतिहास आहे.

गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, वसई त्याच्या माहितीतली. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात वेलदोड्याच्या शेजारीच करवंद येतं. पिकल्यावर काळं, द्राक्षाच्या चवीचं, कच्चं असताना मिठात मुरवायचं, असं. त्याला औषध आणि चव हवी होती. मला हवी असलेली गोष्ट डोंगरात सुरू होते.

मार्च-एप्रिलमध्ये कच्ची हिरवी करवंदं लोणच्यासाठी उतरतात. त्याच सुमाराला पांढरी तोरणं येतात, मग रांजणं, जांभळं. पण खरा हंगाम मेचा. वारली, कातकरी, मल्हार कोळी बायका उजाडायच्या आत निघतात, कारण ऊन चढलं की कातळ तापतो. जाळी दाट, काटे जोडीने फुटलेले. हात सरळ घातला की ओरखडा ठरलेला. फांदी काठीने वाकवून, पदर खोचून, एकेक फळ निवडावं लागतं. देठातून पांढरा चीक गळतो, बोटं चिकटतात, मग काळी पडतात. लालसर फळ घेतलं तर आंबट लागतं, फार पिकलेलं घेतलं तर टोपलीच्या तळाशी रस. आज तोडलेलं आजच विकायचं, उद्यापर्यंत सुरकुततं. दुपारी पाटीवर ओला पाला घालून पायथ्याशी उतरायचं आणि पळसाच्या पानांचे द्रोण करत बसायचं. मिरगाचा पाऊस पडला की हंगाम संपला. पावसाचं करवंद शहाणा माणूस खात नाही, अळी निघते. पोरं मात्र तोवर फळ दातांनी फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळून घेतात. आत लाल निघालं तर कोंबडा.

डोंगरातलं फळ शहराच्या हातात दिलं ते रेल्वेने. बी.बी.सी.आय. कंपनीची गाडी १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचली, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. नाशवंत फळ त्याच दिवशी मुंबईच्या दारात जाऊ शकेल अशी सोय त्याआधी नव्हती. ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी ऐकून शहरातली पोरं धावत, आईकडे पैसे मागत.

गाडी आली त्याच पिढीत जंगलाला कुलूपही लागलं. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर ‘राखीव’ झाले. ठाणे-कुलाब्यातली ओरड इतकी वाढली, की १८८५ मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला. तिथे मोठं भांडण राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, तोडायच्या फांद्यांचं होतं. शेतकरी बोलले, जमीनदार बोलले. टोपलीवाली कुठे बोलणार? पुढे तिचं येणं-जाणं कुणाच्या तरी मेहेरबानीवर चालू राहिलं. माझ्या एका विद्यार्थ्याची आजी सांगायची, ‘बाई, नाक्यावर दोन ओंजळी काढून ठेवायच्या, मग पुढं.’

करवंदाचा पैसा किती, यापेक्षा तो कधी येतो आणि कुणाच्या हातात येतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. मे म्हणजे शेतात काम नाही, घरातलं भात सरत आलेलं. या भागात लग्नासाठी उचल घ्यायची आणि मग वर्षानुवर्षं मालकाकडे राबायचं, ही लग्नगडीची रीत होती. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उसगावच्या श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकात वसई तालुक्यातच वेठबिगार सोडवावे लागले. नवऱ्याची मजुरी सावकाराच्या वहीत जायची. करवंदाचे पैसे त्या वहीत नसत. मीठ, मिरची, पोराची चड्डी, पावसाआधीचं प्लॅस्टिक एवढं त्यातून निघे. माझ्या मते या डोंगराच्या इतिहासात बाईच्या मुठीत आलेला हाच पहिला रोख पैसा.

आता पायथ्याला वालीव-गोखिवऱ्याचे गाळे आहेत, बांधावरच्या जाळ्या इमारतींखाली गेल्या. २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झालं, त्याने वरचं रान वाचलं, हे मान्यच. पण अभयारण्य म्हटलं की टोपली बेकायदा, अशी समजूत पसरली आहे आणि ती चूक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात परंपरेने गोळा केलेल्या करवंदासारख्या गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य आहे. गोळा करायची, वापरायची आणि विकायचीही मुभा आहे. अभयारण्य त्यातून वगळलेलं नाही. हा कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू आहे.